तालुक्याच्या वाट्याला चार सेकंद

टीव्हीच्या बातम्यांत उर्से हे नाव महाराष्ट्रानं असंख्य वेळा ऐकलं आहे, पण बहुतेक वेळा ‘टोलनाका’ या शब्दाला जोडून. शनिवार-रविवारला लागून एखादी सुट्टी आली, दिवाळी किंवा नाताळ जवळ आला, की पडद्याखालच्या पट्टीवर ‘उर्से टोलनाक्यावर वाहनांच्या लांबच लांब रांगा’ ही ओळ धावू लागते. मावळ तालुक्यातलं हे गाव मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तळेगाव दाभाड्याजवळ आहे. गावाला ग्रामपंचायत आहे, भातखाचरं आहेत, केबलचा मोठा कारखाना आहे. पाण्याचे, जमिनीचे, रोजगाराचे प्रश्नही आहेत. टीव्हीवर मात्र रस्ता दिसतो आणि गाव त्याच्या कडेला राहून जातं.

हे एकट्या उर्स्याचं दुखणं नाही. संपूर्ण मावळचं टीव्हीवरचं रूप असंच ठरून गेलेलं आहे. पावसाळ्यात लोणावळ्याचं भुशी धरण, सुट्टीत बोरघाटातली कोंडी, चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा आणि फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी निघालेले मावळातले गुलाब. यांपैकी एकही बातमी खोटी नाही. पण त्यांची बेरीज केली तर जो मावळ उभा राहतो, तो बाहेरून आलेल्या माणसाला दिसणारा मावळ असतो. इथं राहणाऱ्याला रोज जगावा लागणारा मावळ त्यात फारच थोडा सापडतो.

गावची बातमी आणि देशाची बातमी यांचा तोल वाहिनीनं कसा राखायचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ संपादकांचा उरत नाही. या तोलामागची यंत्रणा, तिचा इतिहास आणि तिच्या अडचणी प्रेक्षकांनीही समजून घ्यायला हव्यात.

वेळेचा हिशेब

आधी साधं गणित मांडू. केबल टेलिव्हिजनच्या नियमांनुसार वाहिनीला तासाभरात जास्तीत जास्त बारा मिनिटं जाहिरातींना देता येतात. म्हणजे अर्ध्या तासाच्या बातमीपत्रात बातम्यांसाठी चोवीस मिनिटं उरतात, १,४४० सेकंद. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. दिल्ली, संसद, क्रिकेट, परदेश हे सारं बाजूला ठेवलं आणि सगळा वेळ जिल्ह्यांना समान वाटला, तरी एका जिल्ह्याला ४० सेकंद मिळतात. राज्यात ३५८ तालुके आहेत. तालुक्याच्या वाट्याला जेमतेम चार सेकंद येतात. चार सेकंदांत ‘वडगाव मावळ’ हे तालुक्याचं ठिकाण सांगून होईपर्यंत वेळ संपतो.

वर्तमानपत्राला ही अडचण वेगळ्या तऱ्हेनं सोडवता आली. मराठी दैनिकांनी जिल्हावार आणि विभागवार आवृत्त्या काढल्या. पुणे शहरात एक पान जातं, ग्रामीण भागात दुसरं, आणि मावळच्या वाचकाला वडगाव, कामशेत, तळेगावच्या बातम्या स्वतंत्र पानावर वाचायला मिळतात. उपग्रह वाहिनीला तशी सोय नाही. तिचं एकच प्रक्षेपण उपग्रहावरून खाली येतं आणि गडचिरोली ते सावंतवाडी सगळीकडे तेच दिसतं. उर्स्याच्या पाण्याच्या टाकीची बातमी दाखवली की ती त्याच क्षणी नागपूरलाही दाखवावी लागते, आणि नागपूरचा प्रेक्षक रिमोट हातात घेऊनच बसलेला असतो.

ब्रिटनमध्ये बीबीसीनं यावर जुना आणि सोपा तोडगा ठेवला आहे. संध्याकाळी सहाला सगळ्या देशासाठी एक बातमीपत्र होतं आणि साडेसहाला प्रत्येक विभागाचं प्रक्षेपण वेगळं होऊन तिथल्या बातम्या सुरू होतात. अमेरिकेत शहराशहरांत स्वतंत्र परवान्याची केंद्रं आहेत. ती आपल्या गावच्या बातम्या स्वतः करतात आणि ठरावीक वेळी राष्ट्रीय जाळ्याचं बातमीपत्र जोडून घेतात. दोन्हीकडे तत्त्व एकच आहे. स्थानिक बातमीची वेळ आधीच राखून ठेवलेली असते, त्यामुळे राजधानीत त्या दिवशी कितीही मोठं काही घडलं तरी ती कापली जात नाही.

दिल्लीकडे झुकलेला पडदा

भारतात टीव्ही आला तोच राजधानीतून. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरुवात झाली आणि दुसरं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत उभं राहिलं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुणे परिसरात मुंबईचं चित्र दिसू लागलं. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे यांच्यासारख्या वृत्तनिवेदकांनी संध्याकाळच्या मराठी बातम्यांना घराघरांत आदराचं स्थान मिळवून दिलं. ‘आमची माती आमची माणसं’सारख्या कार्यक्रमानं शेतकऱ्याला पडद्यावर आणलं.

१५ ऑगस्ट १९८२पासून दिल्लीहून ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ सुरू झाला. रंगीत चित्र आलं, त्याच वर्षी आशियाई खेळ झाले, आणि रात्रीची मोक्याची वेळ दिल्लीच्या हाती गेली. १९८४मध्ये तर काही महिने जवळजवळ रोज एक या वेगानं देशात लघुशक्ती प्रक्षेपकं उभी राहिली. टीव्ही लहान गावांपर्यंत पोहोचला. पण ही प्रक्षेपकं वरून आलेलं चित्र पुढं पाठवण्यापुरतीच होती. त्या गावांचं चित्र वर पाठवण्याची सोय त्यांच्यात नव्हती. याच काळात पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटानं दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा अभ्यास करून विकेंद्रीकरणाचा, स्थानिक निर्मितीचा आग्रह धरला. तो फारसा ऐकला गेला नाही.

दुसरी वाट शक्य होती, याचा पुरावा शेजारच्या गुजरातमध्ये आहे. खेडा जिल्ह्यातल्या पीज या गावी १९७५मध्ये इस्रोच्या अहमदाबादमधल्या केंद्रानं एक किलोवॅटचं छोटं प्रक्षेपक बसवलं. सुमारे चारशे गावांत सामुदायिक टीव्ही संच ठेवले. कार्यक्रम स्थानिक बोलीत आणि बरेचसे गावकऱ्यांच्याच सहभागानं होत. सावकारी, मजुरी, अस्पृश्यता, दूध उत्पादन हे तिथले प्रश्न तिथलीच माणसं मांडत. १९८४मध्ये या प्रयोगाला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनासाठीचा पुरस्कार मिळाला आणि १९८५मध्ये प्रक्षेपक बंद झालं. प्रयोग जगानं वाखाणला आणि व्यवस्थेनं गुंडाळला. जिल्ह्याचं टीव्ही केंद्र चालू शकतं, हे मात्र त्या दहा वर्षांनी सिद्ध करून ठेवलं आहे.

मराठीत पुढची मोठी पावलं खासगी वाहिन्यांनी टाकली. जुलै २०००मध्ये ईटीव्ही मराठी सुरू झाली. तिच्या बातम्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून प्रसारित होत, पण बातमीदारांचं जाळं जिल्ह्याजिल्ह्यांत विणलेलं होतं. मुंबईबाहेरचा महाराष्ट्र रोजच्या रोज टीव्हीवर दिसू लागला तो तेव्हापासून. २००७मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, तर २००८मध्ये आयबीएन लोकमत अशा चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या. वेळ भरपूर झाला. आता तालुक्याला चार सेकंदांवर थांबावं लागणार नाही, असं वाटलं. झालं उलट. तासन् तास एकाच राजकीय बातमीवर चर्चा रंगू लागल्या आणि जिल्ह्यांच्या वाट्याला आलं ‘शंभर बातम्यां’चं वेगवान बातमीपत्र. त्यात एक बातमी काही सेकंदांत संपते. वेळ वाढला तरी वाटणी बदलली नाही.

एका सकाळचे दोन निरोप

ही वाटणी रोज कशी होते, ते जवळून पाहू. समजा, सकाळी आठच्या सुमारास उर्से टोलनाक्याजवळ एक टेम्पो उलटला. त्याच सकाळी जवळच्या एका वाडीत चौथ्या दिवशीही नळाला पाणी आलेलं नाही. तालुक्यातला स्ट्रिंगर, म्हणजे पगाराऐवजी बहुधा बातमीमागं मानधन मिळणारा बातमीदार, दोन्ही निरोप वाहिनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो.

असाइनमेंट डेस्कवर, म्हणजे कोणती बातमी घ्यायची हे ठरवणाऱ्या कक्षात, दोन्ही निरोप एकाच वेळी वाचले जातात. टेम्पोचा व्हिडिओ सोबतच आलेला असतो. डेस्क लगेच स्ट्रिंगरला फोन लावतं. ‘कोणती लेन बंद आहे, जखमी किती’ एवढं विचारून पट्टीवर ब्रेकिंग सोडतं. पाच मिनिटांत अँकर त्याचा फोनो घेतो, म्हणजे फोनवरून त्याला थेट प्रक्षेपणात बोलतं करतो. द्रुतगती मार्गावर मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांचे लोक असतात, त्यामुळे बातमीला प्रेक्षक तयार असतो. मोठ्या समूहाची वाहिनी असेल तर तेच चित्र तिच्या हिंदी वाहिनीवरही जातं. स्ट्रिंगरला त्या बातमीचे पैसे मिळतात.

पाण्याची बातमी अशी चालत नाही. कोरडा नळ दिसायला फारसा वेधक नसतो. वाडीवर जायचं, बायाबापड्यांचे बाईट घ्यायचे, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला गाठायचं, पाणीपुरवठा विभागाची बाजू घ्यायची, योजना कधी मंजूर झाली त्याचा कागद मिळवायचा, यात दिवस जातो. पेट्रोल खिशातलं. संध्याकाळी चित्रण पाठवलं तरी तोवर रनडाऊन, म्हणजे बातमीपत्राचा क्रमतक्ता, मुंबई-दिल्लीच्या बातम्यांनी भरून गेलेला असतो, आणि ‘उद्या बघू’ असं उत्तर येतं. अशा चार-पाच ‘उद्यां’नंतर स्ट्रिंगर वाडीवर जाणं सोडतो. त्याला दोष देता येत नाही. त्याच्या मेहनतीचा मोबदला कुठं आहे, हे वाहिनीनंच त्याला शिकवलेलं असतं.

बातम्यांच्या या निवडीवर टीआरपीचाही दाब असतो. २०२५मध्ये देशात टीव्ही असलेली घरं साधारण २३ कोटी होती, आणि प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेची यंत्रं बसवलेली घरं सुमारे ५८ हजार. म्हणजे जवळजवळ चार हजार घरांमागे एक यंत्र. ग्रामीण भागातली घरं तर बार्कच्या मोजणीत २०१५मध्ये आली. एखाद्या तालुक्यातल्या प्रेक्षकानं आपल्या गावची बातमी डोळ्यांत प्राण आणून पाहिली, तरी त्याची नोंद आकड्यांत उमटण्याची शक्यता फार कमी. आकडा दिसत नाही म्हणून बातमी लागत नाही, आणि बातमी लागत नाही म्हणून प्रेक्षक वाहिनीकडे त्या अपेक्षेनं पाहतही नाही.

घटनेआधीची बातमी

या सगळ्याची किंमत काय असते, ते मावळनं पाहिलेलं आहे.

९ ऑगस्ट २०११. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीनं पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकऱ्यांनी बौर इथं द्रुतगती मार्ग रोखला. पोलिसांनी गोळीबार केला आणि एका महिलेसह तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. त्या दिवशी मावळ देशभरच्या वाहिन्यांवर होता. पण योजनेला विरोध त्या दिवशी जन्मला नव्हता. सभा, निवेदनं, मोर्चे आधीपासून चालू होते. पवना धरणासाठी जमिनी दिलेल्या शेकडो कुटुंबांचं पुनर्वसन तर कित्येक दशकं रखडलेलं होतं. आपल्या उशाचं पाणी शहराला जाणार आणि आपल्या शेतीचं काय, हा प्रश्न पवन मावळात, म्हणजे पवनेच्या खोऱ्यात, घरोघर बोलला जात होता. तो राज्याच्या पडद्यावर सविस्तर पोहोचला तो रस्ता बंद पडल्यावर आणि रक्त सांडल्यावर.

१५ जून २०२५. तळेगावजवळ कुंडमळा इथं इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीखाली कोसळला. चार जणांचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. काही मिनिटांत ती देशाची पहिली बातमी झाली. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं होता, नव्या पुलाची मागणी जुनी होती, निधीही मंजूर झालेला होता. म्हणजे बातमीची सारी सामग्री दुर्घटनेपूर्वी जागेवर हजर होती: गंजलेला पूल, सुट्टीची गर्दी, रखडलेलं काम. कोसळण्यापूर्वी तिला ‘स्थानिक’ म्हणत होते, कोसळल्यावर ‘राष्ट्रीय’ म्हणू लागले.

पुणे जिल्ह्याच्याच उत्तरेला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणची आठवण याहून विदारक आहे. ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगर खचला आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. गाव जागेवर नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते तिकडून जाणाऱ्या एसटीच्या चालकाच्या. उपग्रह, ओबी व्हॅन आणि चोवीस तासांच्या वाहिन्या असलेल्या राज्याला एका गावाचा अंत एसटीनं कळवला. पुढं १९ जुलै २०२३च्या रात्री घाटाखाली खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं शासनानंच सांगितलं.

या घटनांतून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. बातमीचा स्थानिकपणा अंतरावर मोजला जातो, तो काळावर मोजायला हवा. स्थानिक बातमी ही बहुतेक वेळा घटनेआधीची बातमी असते आणि राष्ट्रीय बातमी घटनेनंतरची. तोल राखायचा तो या आधी आणि नंतर यांच्यात. किती मिनिटं दिल्लीला आणि किती वडगावला, हा त्यापुढं दुय्यम हिशेब आहे.

देशाच्या बातमीचं गावाकडचं टोक

तोलाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. गावच्या प्रेक्षकाला देशाची बातमी नको असते, असं मुळीच नाही. त्या बातमीचं आपल्याकडचं टोक त्याला हवं असतं.

सप्टेंबर २०२२मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातला जाणार हे जाहीर झालं. महाराष्ट्रात त्यासाठी तळेगावची जागा चर्चेत होती. सगळ्या वाहिन्यांवर ‘प्रकल्प कुणामुळे गेला’ यावर रणधुमाळी माजली. मावळातल्या माणसाचे प्रश्न वेगळे होते. तळेगाव एमआयडीसीच्या विस्तारासाठी लागणाऱ्या जमिनींचं आता काय? इथल्या मुलांना कोणत्या नोकऱ्या मिळाल्या असत्या, त्यासाठी कोणतं शिक्षण लागलं असतं? जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली, तेव्हा हे प्रश्न पुन्हा विचारायला हवे होते. तोवर कॅमेरे दुसरीकडे वळले होते.

तळेगावचाच जनरल मोटर्सचा कारखाना घ्या. डिसेंबर २०२०मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. हजारावर कामगारांच्या घरावर गदा आली. ऑगस्ट २०२३मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईनं केला. देशाच्या दृष्टीनं ही वाहन उद्योगाची बातमी. मावळच्या दृष्टीनं ती घराच्या हप्त्यांची, मुलांच्या फीची, कामगार न्यायालयातल्या तारखांची आणि नव्या कंपनीत जुन्या कामगाराला जागा आहे की नाही याची बातमी. दोन्ही बाजू एकाच बातमीपत्रात बसू शकतात. दिल्लीच्या बातमीदारानं धोरण सांगावं, तळेगावच्या बातमीदारानं परिणाम दाखवावा. मग राष्ट्रीय आणि स्थानिक हा झगडाच उरत नाही.

प्रशासनाच्या आणि वाहिन्यांच्या सीमाही इथं आड येतात. २००८च्या फेररचनेत तयार झालेला मावळ लोकसभा मतदारसंघ सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरला आहे: मावळ, पिंपरी, चिंचवड पुणे जिल्ह्यातले, पनवेल, कर्जत, उरण रायगड जिल्ह्यातले. वाहिनीचं कामकाज मात्र सहसा जिल्हावार चालतं. एकच खासदार, पण उरणच्या मतदाराचे प्रश्न उर्स्याला आणि उर्स्याचे उरणला कळवण्याची जबाबदारी कुणाचीच ठरलेली नसते.

केबल आणि मोबाइल

मोठ्या वाहिन्यांनी सोडलेली जागा काही अंशी केबलचालकांच्या स्थानिक वाहिन्यांनी आणि आता मोबाइलवरच्या वाहिन्यांनी भरली आहे. ग्रामसभा, जत्रा, कुस्त्या, दहावीचे निकाल, पाणी कधी येणार याची सूचना हे सारं तिथं दिसतं आणि लोक ते आवडीनं पाहतात. स्थानिक बातमीला प्रेक्षक नाही, हा समज एवढ्यावरच खोटा ठरतो.

त्यांची मर्यादाही तितकीच खरी आहे. जाहिरात देणारा बिल्डर, वाढदिवसाच्या शुभेच्छा झळकवणारा पुढारी आणि बातमीतला आरोपी एकाच तालुक्यातले, अनेकदा एकच असतात. बातमीदार त्याच गल्लीत राहतो. अशा वेळी अवघड प्रश्न विचारायला पाठीशी मोठी संस्था, वकील आणि संपादक लागतो. ते बळ राज्यस्तरीय वाहिनीकडे असतं. स्थानिकांकडे माहिती आहे आणि मोठ्यांकडे बळ. दोन्ही जोडले गेले तर दोघांचंही भलं आहे.

तोल साधायचा तर

यासाठी अशक्यप्राय काही करावं लागत नाही. पहिली गोष्ट, राखीव वेळ. जिल्ह्यांच्या बातम्यांची वेळ कितीही मोठ्या राजकीय घडामोडीत कापायची नाही, आणि ती पहाटेच्या कोपऱ्यात न ठेवता संध्याकाळी ठेवायची. दुसरी, विभागवार पाळी. सोमवारी पुणे विभाग, मंगळवारी कोकण, असं करत प्रत्येक विभागाला आठवड्यातून एक दिवस सलग अर्धा तास दिला, तर तालुक्याच्या वाट्याला चार सेकंदांऐवजी एखादं पूर्ण वृत्त येतं. पुणे विभागात पाच जिल्हे आहेत. चोवीस मिनिटांत एकेका जिल्ह्याला पावणेपाच मिनिटं सहज बसतात.

तिसरी, पाठपुराव्याची वही. कुंडमळ्याच्या चौकशीत काय निघालं, नवा पूल कुठवर आला, तालुक्यातले बाकीचे धोकादायक पूल कोणते, याच्या तारखा वहीत लिहून त्या त्या तारखेला बातमी करायची. मृतांच्या आकड्याबरोबर बातमी संपत नसते. चौथी, स्ट्रिंगरचा मोबदला. व्हिडिओच्या वेधकपणावर पैसे ठरले तर बातमीही वेधकपणाच्याच मागं जाणार. दिवसभर खपून आणलेल्या पाण्याच्या बातमीला टेम्पोच्या व्हिडिओपेक्षा जास्त मानधन मिळालं पाहिजे.

आणि पाचवी गोष्ट प्रेक्षकाच्या हाती आहे. आपल्या गावचा खचलेला पूल, बंद पडलेली योजना, दरडीखालची वस्ती यांचं चित्रण ठिकाण आणि तारखेसह वाहिन्यांना पाठवा. ग्रामसभेत झालेल्या ठरावाची प्रत सोबत जोडा. बातमी लागली नाही तर पुन्हा पाठवा, आणि लागली तर पाहून इतरांनाही दाखवा. पावसाळा दर वर्षी येतो, सुट्टीची गर्दी दर रविवारी येते. पूल पडण्याआधी केलेली एक बातमी ही पूल पडल्यानंतरच्या चोवीस तासांच्या प्रक्षेपणापेक्षा मोलाची आहे. वाहिन्यांनी ती दाखवायला हवी, आणि आपण ती मागायला हवी.